जायला जवळ, यायला लांब

सबिनाचं लग्न झालं त्या साली उजनी धरणाचं पाणी फार मागं गेलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं. लग्न थंडीत झालं. तौसिफ त्यासाठी कॅनडाहून आला, बहिणीची पाठवणी करून परत गेला. पुढं मे महिन्यात एका सकाळी त्याच्या आईला, फरिदाला, बारामतीच्या दवाखान्यातून तिथल्याच घरी आणून पुढच्या खोलीत चटईवर निजवलं. चादर तोंडावरून ओढलेली होती. शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणी हलक्या आवाजात कुराण वाचत होतं, पंखा नुसताच कुरकुरत फिरत होता. सबिना आतून आली. रडून तिचा आवाज बसला होता. दाराच्या चौकटीला धरून तिनं विचारलं, "अब्बा, बर्फ सांगू का?" सिकंदर बाहेरच्या कट्ट्यावर बसला होता. त्याचं तोंड उघडलं आणि आतून शब्द वर आला: दोन लाद्या. ओठापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यानं तोंड मिटलं, आणि मिटलेल्या तोंडात तो शब्द गार होऊन पडून राहिला.

जन्म गेला होता त्याचा या एका प्रश्नाला उत्तर देण्यात. पळसदेवच्या काठावरून मासळी उचलायची, भिगवणला, इंदापूरला, बारामतीला पोचती करायची. पहाटे होड्या लागायच्या, चिलापी आणि कटल्याचे ढीग पडायचे, आणि कुणीतरी लांबून ओरडायचं, शेठ, बर्फ सांगू का? माल कुठं जाणार हे मनात आलं की आकडा आपोआप तोंडात यायचा. बारामतीला जायचा तर एक लादी, वरून ओलं गोणपाट. पुण्याला दोन. त्याच्याहून लांब असेल तर खाली भुसा, मग बर्फ, मग माल, मग परत बर्फ. गावं त्याला अशीच माहीत होती. लोक म्हणायचे अमकं गाव इतक्या कोसांवर, इतक्या मैलांवर; त्याच्या डोक्यात ते गाव किती बर्फावर आहे ते असायचं. आता सबिना समोर उभी होती आणि त्याचं डोकं त्याला न विचारता हिशेबाला लागलं होतं. मे महिना. पत्र्याची खोली. आज गुरुवार. पोरगा पृथ्वीच्या पलीकडं. त्याला आपल्या डोक्याची शिसारी आली. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, जसं काही ते उठून कामालाच लागणार होते.

"अब्बा?"

"थांब जरा," तो म्हणाला. "तौसिफचं कुठवर आलंय ते कळू दे."

ते अमनला विचारायचं होतं. अमन म्हणजे सबिनाचा नवरा, नवा जावई. सासऱ्याच्या घरात अजून पाय मोकळा न पडलेला, म्हणून सारखं काहीतरी काम शोधणारा. सकाळपासून तो मोबाईल घेऊन कडुलिंबाखाली उभा होता, कारण रेंज तिथंच येत होती. तो जवळ आला आणि मोबाईलचा पडदा सिकंदरच्या समोर धरला. "सरळ अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर दाखवतंय, अब्बा. पण सरळ विमान न्हाय. मधी एका ठिकाणी उतरायचं, दुसऱ्यात बसायचं. आज दुपारी निघतोय तो. म्हंजे आपली दुपार. त्यांची रात्र." त्यानं बोटानं पडदा सरकवला. "उद्या रात्री मुंबई. तितनं गाडी. शनिवारी सकाळी हितं."

"आज निघून शनिवारी?"

"त्यांच्याकडं अजून बुधवारच हाय, अब्बा. बुधवारी निघून शनिवारी."

सिकंदरनं मान हलवली. हे त्याला नवं नव्हतं. हे गणित या घरात फरिदानं फार आधी सोडवून ठेवलं होतं. तौसिफ पहिल्यांदा गेला तेव्हा सगळे मुंबईच्या विमानतळावर पोचवायला गेले होते. पहाटे विमान उडालं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की अम्मी, मी कालच पोचलो, ज्या दिवशी निघालो त्याच दिवशी दुपारी उतरलो. फरिदाचा जीव भांड्यात पडला. निघाला त्याच दिवशी पोचला, म्हणजे सोलापूरच्या पुढं असेल थोडं, असं तिनं शेजारणीला सांगितलं. मग दोन वर्षांनी तो आला, तर येताना बुधवारी निघून शुक्रवारी रात्री उतरला. फरिदा भाकरी थापता थापता म्हणाली, "जायला जवळ हाय ते गाव. यायला लांब हाय." तौसिफ हसला. त्यानं सूर्य कसा फिरतो, तिकडं रात्र असते तेव्हा इकडं दिवस कसा, सगळं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, व्हय म्हणाली, आणि भाकरी उलटली. "ते ठीक हाय रं. पर जायला जवळच हाय न्हवं?"

ती चुकत होती असं तेव्हा सिकंदरलाही वाटलं होतं. आता कट्ट्यावर बसून त्याला खात्री देता येईना. पण तिच्याजवळच मोजायचं दुसरं एक माप होतं, त्यावरून तरी अंतर दोन्हीकडून सारखंच भरत होतं. घरचं माणूस प्रवासाला निघालं की पाठोपाठ केर काढायचा नाही, हे सगळेच पाळतात. माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत, गाडीत बसेपर्यंत. फरिदा मात्र तौसिफ उतरल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावायची नाही. विमान हवेत असेपर्यंत घर तसंच. बारामतीची उन्हाळ्यातली धूळ, समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरांची, खिडकीतून येऊन फरशीवर बसायची. त्यावर सगळ्यांची पावलं उमटायची, मांजराची उमटायची. सबिना वैतागायची. "अम्मी, विमान वर हाय, धूळ खाली हाय, काय संबंध?" फरिदा म्हणायची, "तू गप. तुझा भाऊ वाटंवर हाय." आणि फोन आला की पदर खोचून सगळं घर झाडून काढायची, आणि सुपलीत जमलेला ढीग बघून सिकंदरला म्हणायची, "बघा, एवढ्या लांब हाय."

खोलीतून कुणीतरी उदबत्ती लावल्याचा वास आला. सिकंदरनं आत बघितलं नाही. बायको गेली की नवऱ्यानं तिला हात लावायचा नसतो, असं त्यांच्या जमातीत मानतात. तोंड पाहायचं, बस. दवाखान्यात तिचा हात त्याच्या हातात होता, ती होती तोवर. मग नर्स आली, नळ्या काढल्या, आणि कुणीतरी त्याला हळूच बाजूला केलं. एका क्षणात तो परका झाला. आणि गंमत अशी की त्याच्या हाताशी फरिदाचं भांडण सुरुवातीपासूनच होतं. लग्नानंतर पहिल्या थंडीत तो काठावरून आला, दिवसभर बर्फात घातलेले हात तिच्या खांद्याला लावले, तर ती किंचाळून उठली. "मेलेल्या माणसाचे हात हायत का काय तुमचे?" तेव्हापासून रीत पडली. तो दारात आला की ती चुलीतली लाकडं पुढं सारायची. "हात शेकून या." आधी शेकायचे, मग घरात फिरायचं, मग पोरांना उचलायचं. तौसिफ चालायला लागला तेव्हा बापाला पाहून तोही चुलीकडं बोट दाखवायचा. मासळीच्या वासाचं तिनं पुढं सोडून दिलं. म्हणायची, "तुमच्या जनाज्यामागं जमात यायची न्हाय, मांजरं येतील." पण गारव्याची तिला शेवटपर्यंत भीती होती. दवाखान्यातल्या गार हवेच्या मशिनखाली ती सारखी पांघरूण ओढायची, आणि बोलता येईनासं झालं तेव्हाही तिनं बोटानं त्या मशिनकडं दाखवलं होतं. सिकंदरनं नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, बंद करता येत नाही बाबा, सगळ्यांना एकच आहे.

दहाच्या सुमाराला जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आले. पांढरी टोपी, हातात छत्री. सिकंदरच्या शेजारी बसले, गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "सिकंदरभाई, मय्यत जास्त वेळ ठेवू नये. तुमाला मी काय सांगावं. ऊन बघा. आजच ऊन उतरताना, असरच्या नमाजनंतर उरकू."

"पोरगा येतोय."

"कवा?"

"शनिवारी."

सदर छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. तेवढ्यात गेटपाशी मोटरसायकल थांबली आणि संभाजी उतरला. संभाजीराव म्हणजे पळसदेवचा त्याचा जुना जोडीदार. त्याच्या होड्या, याचा बर्फ. गुडघ्यांनी दगा दिला तरी मोटरसायकल सोडत नव्हता. तो येऊन सिकंदरच्या दुसऱ्या बाजूला बसला, तंबाखूचा हात धोतराला पुसला. मग म्हणाला, "वहिनीनं मला शेवटी काय म्हटलं ठावं हाय? म्हनली, संभाजी भावजी, तुमची चिलापी काट्याचीच, आणि तुमचं बोलणंबी."

सिकंदरच्या ओठाची एक कड हलली.

"खड्ड्याचं सांगून आलोय," संभाजी म्हणाला. "पळसदेवलाच न्यायचं न्हवं? तिनं तसं म्हटलं व्हतं. पोरं उकरायला लागल्यात. आता पोराचं कसं? थांबायचं असंल तर माझ्या पोराकडं मोठी पेटी हाय, काचंची, वीजंवर चालती. गारच्या गार राहतंय सगळं. फोन केला की येतीय."

त्यात मासळी ठेवतात. संभाजीला तसं म्हणायचं नव्हतं, त्यानं चांगल्या मनानंच सांगितलं. सिकंदर त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. डावीकडं सदर, ज्यांचं बरोबर होतं. उजवीकडं संभाजी, ज्याचंही बरोबर होतं. मधे तो, आणि मांडीखाली दाबलेले दोन हात.

पोरगा मातीला न पोचणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याची थोरली बहीण अंजुम, पाण्याच्या पलीकडं करमाळ्याच्या बाजूला दिलेली. धरण व्हायच्या आधी भीमा उतरून तो दुपारच्या जेवणाला तिच्याकडं जायचा आणि दिवस मावळायला परत यायचा. मग धरण भरलं. जुनं गाव गेलं, देऊळ गेलं, गावाबाहेरचं कबरस्तान गेलं. अंजुमचं गाव जिथल्या तिथं राहिलं, नव्या काठावरून तिच्या घराची भिंतसुद्धा दिसायची. पण मधे समुद्रासारखं पाणी. ती गेल्याची बातमी एक मासेवाला सकाळी घेऊन आला. संभाजीची होडी काठाला होती. संभाजी म्हणाला, बस, उन्हं चढायच्या आत पलीकडं टाकतो. सिकंदर बसला नाही. जन्मभर मासळीचा धंदा केला, पण होडीत तो कधीच बसला नव्हता, कारण त्या पाण्याखाली त्याच्या बापाची कबर होती, आज्याची होती, आणि कबरीवरून माणूस पाय टाकत नाही. तो एसटीनं निघाला. इंदापूर, टेंभुर्णी, तिथून दुसरी गाडी, तिथून चालत. पोचला तेव्हा लोक हातपाय धूत होते. माती दिलेली होती. ओली, दाबलेली, वरून पाणी शिंपडलेली. तिला द्यायच्या मातीच्या तीन मुठी त्याच्या हातात तशाच राहिल्या. त्या रात्री तिच्या अंगणातून त्यानं पाण्यापलीकडं आपल्या गावचे दिवे पाहिले. मोजले असते तर मोजता आले असते.

आणि तौसिफ आता त्याच वाटेनं यायला निघाला होता. लग्नाला आला होता तेव्हा त्यानं पाण्याच्या घागरीवर सुतळी ताणून दाखवलं होतं. हे आपलं गाव, हे माझं. मधून आडवं गेलं तर सुतळी जास्त लागते. वरून, घागरीच्या तोंडाजवळून गेलं तर कमी. विमान तसंच जातं, अब्बा, पार वरून. खाली नुसता बर्फ असतो. तासन् तास खिडकीतून बघितलं तरी बर्फच. फरिदा ओरडली होती, "घागर ठेव खाली, पाणी सांडंल." पण सिकंदरच्या मनात ते चित्र राहून गेलं होतं. सरळ दिसते ती वाट लांबची, आणि वाकडी दिसते ती जवळची. अंजुमकडं जायची वाट तर सरळही होती आणि जवळचीही; आज परत ती वेळ आली तर तो होडीत बसेल का? त्याला वाटलं, तरीही नाही बसणार. सुतळीखाली कुणी निजलेलं असेल तर ते सुतळीला कळत नाही.

अमन कडुलिंबाखालून धावत आला. "अब्बा, तौसिफभाई. आत सोडतायत त्यांना विमानात. बोला."

मोबाईल गरम होता, उन्हातला. तौसिफचा आवाज जवळून आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. मागं बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी सांगत होता.

"अब्बा."

"जेवलास का?"

"व्हय." मग थांबून, "न्हाय. अब्बा, थांबाल न्हवं? मी शनिवारी येतो. बर्फ लावा, पेटी आणा, काय लागंल ते करा. थांबाल न्हवं?"

सिकंदर उठला. कट्ट्यावरून उतरून घराच्या बाजूला गेला, जिथं जुनी चूल अजून होती. आंघोळीचं पाणी तापवायला फरिदा ती वापरायची. आताही कुणीतरी तिच्यावर पाणी ठेवलं होतं, तिच्याच शेवटच्या आंघोळीचं. लाकडं धडाडून पेटलेली होती. त्याला तिथं उभं राहिल्यावर कळलं, की सकाळपासून तो डोक्यानं मोजतोय, आणि जे ठरवायचं ते त्याच्या हातांना कधीचं माहीत आहे. हो म्हणणं सोपं होतं. पोरगा बर्फावरून उडत येणार, आई बर्फावर निजून राहणार, शनिवारी सकाळी दोघांची गाठ. पण जी बाई जन्मभर त्याला हात शेकायला लावत होती, तिला त्यानंच, आपल्या तोंडानं, बर्फ सांगायचा?

"थांबत न्हाय, तौसिफ," तो म्हणाला.

पलीकडं बाईचा इंग्रजी आवाज थांबला होता.

"तिला गारठा सोसत न्हवता. तुला ठावं हाय."

"अब्बा, मग मी कशाला येऊ?"

हा प्रश्न तो विचारणार हे सिकंदरला माहीत होतं. चुलीतली लाकडं त्यानं सवयीनं पायानं पुढं सारली. "माती द्यायला ये," तो म्हणाला. "तुझ्या वाटणीची ठिवतो मी. कुणाला हात लावू देत न्हाय."

तौसिफ रडत होता की विमानात शिरत होता ते कळलं नाही. मग फोन बंद झाला. अमन लांब उभा होता, जमिनीकडं बघत. सिकंदरनं मोबाईल त्याच्या हातात दिला आणि सबिनाला हाक मारली. "बर्फ नको सांगू."

असरची नमाज झाल्यावर पळसदेवला माती झाली. नवं कबरस्तान उंचवट्यावर आहे. तिथून मागं गेलेलं पाणी, भेगाळलेला गाळ आणि काळं पडलेलं देऊळ दिसत होतं. खड्डा भरायला लागले तेव्हा सिकंदरनं आपल्या तीन मुठी टाकल्या आणि कडेला पडलेलं घमेलं उचललं. खणलेल्या मातीतून त्यानं ओंजळीनं घमेल्यात माती भरली. सदर जवळ आले. "हे काय, सिकंदरभाई?"

"तौसिफची हाय."

"असं कुठं असतं का?"

"ठावं न्हाय," सिकंदर म्हणाला. "मासळी ठिवता येती तर माती ठिवता येत न्हाय व्हय?"

संभाजीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलले, हसण्यानं की कशानं ते त्यालाच माहीत. सदर थोडा वेळ उभे राहिले, मग खाली वाकून त्यांनीच मातीतला एक खडा काढून टाकला. सिकंदरनं घमेल्यावर ओलं गोणपाट टाकलं, कडा नीट आत खोचल्या, आणि ते मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. भिगवणच्या फाट्यापर्यंत ओल मांडीला लागत होती. ती गार होती, पण बर्फासारखी नव्हती. खणलेल्या जमिनीच्या पोटातला गारवा, जो हाताला चावत नाही.

शुक्रवारी सबिनानं केरसुणी घेतली. कालपासून माणसांची ये-जा होती, फरशीवर पावलांचा चिखल वाळून पांढरा झाला होता. सिकंदरनं केरसुणी तिच्या हातातून काढून घेतली. "तौसिफ वाटंवर हाय," तो म्हणाला. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग खालीच बसली आणि गुडघ्यात डोकं घालून, त्या दिवशी पहिल्यांदा, मोठ्यानं रडली. दिवसभर धूळ येत राहिली. खिडकी कुणी लावली नाही. सिकंदर अधूनमधून उठून गोणपाटावर पाणी शिंपडत होता, आणि तेवढ्यापुरतं त्याला कळत होतं की आता पोरगा त्या बर्फावर आहे, आता पलीकडं, आता मधल्या कुठल्यातरी गावात बाकावर बसलाय आणि अजून जेवला नाही. पहिल्यांदाच त्याला अंतर बर्फात मोजता येत नव्हतं. ते फरशीवर बसत होतं, हळूहळू, सगळीकडं सारखं.

शनिवारी सकाळी तौसिफ आला. दाढी वाढलेली, अंगात तिकडचं जाड जाकीट, ते काढायचं त्याला सुचलं नव्हतं. दारात बापाला धरून उभा राहिला. मग त्याची नजर फरशीवर गेली. धुळीत उमटलेली पावलं, मांजराची, बायकांची, लहानमोठी. कुणी काही सांगितलं नाही. त्यानं जाकीट काढलं, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि आईच्या खोलीपासून झाडायला सुरुवात केली. सुपलीत ढीग जमला तेव्हा तो त्याच्याकडं बघत वाकूनच राहिला. सिकंदर म्हणाला, "चल. माती वाळंल."

ते दोघंच पळसदेवला गेले. गाळावर ऊन पडलं होतं. तौसिफनं गोणपाट बाजूला केलं. माती अजून ओली होती, बोटांना चिकटत होती. एक मूठ, दुसरी, तिसरी. घमेल्यात बरीच उरली. ती त्यानं दोन्ही हातांनी पसरली आणि तळव्यानं दाबली, लहान मूल थापटावं तशी. मग तिथंच बसून राहिला.

"बुधवारी संध्याकाळी मी कामावरनं निघालो व्हतो," तो म्हणाला. "चांगलं ऊन व्हतं. बसस्टॉपवर उभा व्हतो. तवा सबिनाचा फोन आला."

"गुरुवार व्हता, पोरा."

"माझ्याकडं बुधवार व्हता, अब्बा. अम्मी बुधवारी गेली माझ्याकडं."

सिकंदरनं पाण्याकडं पाहिलं. पाण्यापलीकडं अंजुमच्या गावची झाडं दिसत होती. पोराला खोटं पाडावं असं त्याला वाटलं नाही. फरिदा निघाली तेव्हा तिकडं जायला जवळ होतं. ती गुरुवारी निघून बुधवारी पोचली असेल. त्यानं आपले हात एकमेकांवर घासले. मातीनं भरलेले होते, आणि उन्हानं शेकलेले.

फरिदा वारली ती मे महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, पहाटे, फजरच्या अजानीच्या थोडं आधी. तौसिफच्या गावात तेव्हा बुधवार होता.